दात्याचे नाव

वर्तमानपत्राच्या संपादकीय पानावर लेख जिथे संपतो तिथे तिरप्या ठशात एक ओळ छापलेली असते : ‘लेखक अमुक संस्थेत वरिष्ठ संशोधक आहेत.’ लेख कांद्याच्या निर्यातीवर असो, संरक्षण खरेदीवर असो की विजेच्या दरांवर, ही ओळ बहुधा असतेच. बहुतेक वाचक ती वाचत नाहीत. जे वाचतात त्यांच्या मनात लेखाचे वजन थोडे वाढते. लिहिणारा पक्षाचा कार्यकर्ता नाही, कंपनीचा नोकर नाही, सरकारी अधिकारीही नाही. तो अभ्यासक आहे, आणि अभ्यासक म्हणजे निःपक्षपाती, असे समीकरण नकळत मांडले जाते. त्या अमुक संस्थेचे वीजबिल आणि त्या संशोधकाचे वेतन कोण देते, हे मात्र त्या ओळीत नसते.

साहित्याच्या वर्गात आपण रोलाँ बार्थचा हवाला देऊन मुलांना सांगतो, की लेखक मेला असे समजून संहिता वाचा. कवितेपुरते ते ठीक आहे. पण भूसंपादन कायद्यातील दुरुस्तीचे समर्थन करणाऱ्या लेखाच्या बाबतीत लेखक जिवंत आहे, खातो-पितो, आणि त्याला दर महिन्याला पगार मिळतो, हे विसरून चालत नाही. येथे संहितेबाहेरचे पुष्कळ काही संहितेत शिरलेले असते.

‘थिंक टँक’ला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. विचारगट, अभ्यासगट, धोरण-अभ्यास संस्था असे काही शब्द चालवून पाहिले गेले. पैकी कोणताही नीट चालला नाही. इंग्रजी शब्दातच टाकी आहे, आणि टाकीत पाणी कुठून तरी सोडावे लागते. शब्द नसला तरी वस्तू मात्र आपल्याला नवी नाही. १८७० साली पुण्यात स्थापन झालेली सार्वजनिक सभा ही या अर्थाने आपल्याकडची जुनी धोरण-अभ्यास संस्थाच होती. दुष्काळ, शेतसारा, मीठ, जंगल या विषयांवर ती माहिती गोळा करी, सरकारला अर्ज करी, आणि १८७८ पासून आपले त्रैमासिक काढी. न्यायमूर्ती रानड्यांचे कितीतरी अर्थविषयक लेखन त्या त्रैमासिकातून आले. सभेला दक्षिणेतील संस्थानिक आणि सरदारांचा आश्रय होता, ही गोष्ट लपवलेली नव्हती. औंधचे पंतप्रतिनिधी तिचे पहिले अध्यक्षच होते. मात्र सभेचा सभासद होण्यासाठी निदान पन्नास माणसांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आपण कुणाच्या वतीने बोलतो आहोत हे कागदावर दाखवल्याशिवाय बोलण्याचा अधिकार नाही, असा तो दंडक होता. आजच्या एकाही धोरण-अभ्यास संस्थेला असे पन्नास सह्यांचे पत्र कुणी मागत नाही. मागितले तर किती जणांना ते देता येईल, याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका आहे.

याहूनही मागे जाता येते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. दान म्हणून किती लेणी खोदली, किती गायी दिल्या, अशा याद्या जुन्या लेखांत पुष्कळ असतात. हा लेख त्यांहून वेगळा आहे, कारण तो चक्क हिशेब सांगतो. उषवदाताने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, आणि एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज भोगायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंना चीवरे मिळावीत, अशी व्यवस्था केली. अशा ठेवीला त्या लेखात ‘अक्षयनीवी’ म्हटले आहे. आणि शेवटी, हे सारे निगमसभेत जाहीर केले आणि फलकावर रीतीप्रमाणे नोंदवले, असे सांगितले आहे. दाता कोण, रक्कम किती, कुणाकडे, कोणत्या दराने, कशासाठी, आणि कुणासमक्ष : सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या दगडात देणगीविषयीचे सर्व प्रश्न उत्तरांसह आहेत.

उषवदात काही निःस्वार्थी नव्हता. परक्या शक घराण्यातला हा माणूस जिंकलेल्या मुलखात पुण्य आणि मान्यता मिळवू पाहत होता, आणि दगडावर नाव कोरण्यामागे कीर्तीची हाव होतीच. पण ती हाव उघड्यावर होती. भिक्षूंना चीवर देणारा कोण, हे लेण्यात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला कळत होते. आणि अक्षयनीवीचे मर्म असे, की पैसा एकदा देऊन झाला की दात्याच्या हातून सुटला. पुढल्या वर्षी भिक्षूंनी न आवडणारे प्रवचन केले म्हणून उषवदाताला चीवरे बंद करता येत नव्हती.

वैचारिक संस्थांच्या अर्थकारणाविषयी बोलताना आपण ‘पैसा कुणाचा’ एवढाच प्रश्न विचारतो. ‘पैसा कोणत्या रूपात’ हा प्रश्न माझ्या मते त्याहून महत्त्वाचा आहे. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून उभी राहिली. ती देणगी भारत सेवक समाजाच्या स्वाधीन करण्यात आली होती. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. काळे यांच्या नावाने तेथे स्मृतिव्याख्यान सुरू झाले, आणि २९ जानेवारी १९३९ रोजी ते व्याख्यान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिले. विषय होता १९३५ च्या कायद्यातील संघराज्याची योजना, आणि तिच्यावर त्यांनी कठोर टीका केली. ‘फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम’ या नावाने ते पुढे पुस्तकरूपाने आले. भारत सेवक समाज ही नेमस्तांची संस्था, तिच्या छत्राखालच्या व्यासपीठावर वक्ता बाबासाहेबांसारखा, आणि व्याख्यानावर नाव देणगीदाराचे. दात्याचे नाव दारावर असल्याने आतला विचार बाटला नाही. पैसा ठेवीच्या रूपात होता, दरसालच्या मर्जीच्या रूपात नव्हता.

आजच्या संस्था बहुतांशी प्रकल्पांवर चालतात. दोन वर्षांचा प्रकल्प, तीन वर्षांचा करार, मग नूतनीकरण. ज्या संशोधकाचे पुढच्या मार्चनंतरचे वेतन कराराच्या नूतनीकरणावर अवलंबून आहे, त्याला कुणी निष्कर्ष बदलायला सांगत नाही. सांगावे लागत नाही. कोणता प्रश्न घ्यायचा आणि कोणता घ्यायचा नाही, हे तो स्वतःच ओळखतो. न विचारलेल्या प्रश्नाचा पुरावा कुणालाच सापडत नाही, म्हणून या व्यवहाराचा आरोप सिद्ध करणे अवघड असते.

कधीतरी मात्र पडदा थोडा सरकतो. वॉशिंग्टनमध्ये न्यू अमेरिका नावाची संस्था आहे. गूगल, तिचे माजी प्रमुख एरिक श्मिट आणि त्यांचे कौटुंबिक प्रतिष्ठान यांनी मिळून १९९९ पासून या संस्थेला दोन कोटी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली होती. संस्थेच्या एका सभागृहाला श्मिट यांचे नावही होते. याच संस्थेत बॅरी लिन यांचा ‘ओपन मार्केट्स’ हा गट बाजारातील मक्तेदारीचा अभ्यास करी. जून २०१७ मध्ये युरोपीय संघाने गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला, आणि लिन यांच्या गटाने त्या निर्णयाचे स्वागत करणारे निवेदन संस्थेच्या संकेतस्थळावर टाकले. ते काही तास गायब झाले, पुन्हा प्रकटले. श्मिट यांची नाराजी संस्थेच्या अध्यक्षा ॲन-मरी स्लॉटर यांच्या कानावर गेली. त्यानंतर काही दिवसांतच लिन आणि त्यांच्या सुमारे दहा सहकाऱ्यांनी संस्था सोडावी, असे स्लॉटर यांनी कळवले. ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे प्रकरण उजेडात आणले. गूगलच्या दबावामुळे हे झाले नाही, लिन यांचे वागणे सहकार्याचे नव्हते, असा खुलासा संस्थेने केला. हा खुलासा खरा असेलही. पण संस्थेबाहेरच्या माणसाला तो खरा की खोटा हे ठरवण्याचा काही मार्ग उरला नाही. आणि संस्थेचे खरे भांडवल जी विश्वासार्हता, ती तिथेच खर्ची पडली. (लिन यांच्या गटातील लीना खान पुढे २०२१ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या अध्यक्षा झाल्या. तेव्हा तो अभ्यास अगदीच टाकाऊ नसावा.)

दाते नेहमी बड्या कंपन्याच असतात असेही नाही. २०१४ साली याच वर्तमानपत्राने परकीय सरकारे अमेरिकेतील अभ्याससंस्थांना पैसे कसे पुरवतात यावर सविस्तर वृत्त दिले होते. त्यात कतारने ब्रुकिंग्जला चार वर्षांसाठी देऊ केलेले १ कोटी ४८ लाख डॉलर होते. शिवाय त्यात नॉर्वेही होता. नॉर्वे म्हणजे आपल्या मनात सज्जन देश. त्याने एका संस्थेला पन्नास लाख डॉलर देऊन अपेक्षा अशी ठेवली, की अमेरिकेने गरीब देशांना देण्याच्या मदतीत वाढ करावी यासाठी तिने अमेरिकी अधिकाऱ्यांकडे आग्रह धरावा. हेतू चांगला, म्हणून काय झाले? अमेरिकी खासदाराला तो अहवाल वाचताना त्यामागे ऑस्लो आहे हे माहीत असायला नको काय?

नाव जाहीर केले की प्रश्न सुटतो, या समजुतीलाही एक उदाहरण छेद देते. २०१५ साली अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लिटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे गुंतवणूक सल्लागारांवरील प्रस्तावित नियमाविरुद्ध साक्ष दिली. ज्या अभ्यासाच्या आधारे ती दिली त्याला एका म्युच्युअल फंड कंपनीने पैसे दिले होते, हे त्यांनी सांगितले होते. मसुद्यावर त्या कंपनीने अभिप्राय दिला होता, हे सांगितले नव्हते. सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी आक्षेप घेतला आणि लिटन यांना ब्रुकिंग्जमधील मानद पद सोडावे लागले. अर्धी सांगितलेली गोष्ट न सांगितलेल्या गोष्टीपेक्षा फसवी असते, हे कथेच्या अभ्यासकांना नव्याने सांगायला नको.

आता आपल्याकडे वळू. भारतात अशा संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदवलेल्या सोसायट्या असतात, विश्वस्त संस्था असतात, किंवा कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालील ना-नफा कंपन्या असतात. देशी देणगीदारांची नावे जनतेपुढे मांडलीच पाहिजेत, असे त्यांच्यावर बंधन नाही. काही संस्था ती स्वतःहून देतात. ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन १९९० साली स्थापन झाले ते रिलायन्स उद्योगसमूहाच्या आधारावर, आणि हे कुणापासून लपलेले नाही. २०१६ पासून हीच संस्था परराष्ट्र मंत्रालयासोबत रायसीना संवाद भरवते. एका सभागृहात सरकार, उद्योगपती आणि अभ्यासक एकत्र बसतात, चहा घेतात, मतैक्य होते. त्यात बेकायदा काहीच नाही. मात्र तेथे ज्यांचे प्रतिनिधी नसतात, त्यांच्या बाजूचा अहवाल कोण लिहितो, हा प्रश्न पडतो.

परदेशी पैशांसाठी मात्र कडक कायदा आहे. १९७६ साली, आणीबाणीत, तो जन्मला. २०१० मध्ये नव्याने आला. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि परदेशी देणगी घेणाऱ्या प्रत्येकाला दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका विशिष्ट शाखेत खाते उघडावे लागले. १९७३ पासून चालत आलेल्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या दिल्लीच्या संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा भाग परदेशी प्रतिष्ठानांकडून येई. सप्टेंबर २०२२ मध्ये प्राप्तिकर खात्याने तेथे ‘सर्वेक्षण’ केले, फेब्रुवारी २०२३ मध्ये परवाना स्थगित झाला, जानेवारी २०२४ मध्ये तो रद्द झाला. गृहमंत्रालयाचा एक आक्षेप असा होता, की संस्था परदेशी पैशांतून चालू घडामोडींविषयीचा मजकूर प्रसिद्ध करते, आणि कायद्याला ते मान्य नाही. भाषेच्या शिक्षकाने इथे थांबायला हवे. धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने चालू घडामोडींवर लिहायचे नाही तर पेशवाईवर लिहायचे काय? धोरण ही चालू घडामोड नसते तर कोणती असते?

या कायद्याचा बडगा एकाच बाजूवर पडला आहे आणि तो अन्यायच आहे, असे सरसकट विधान मी करणार नाही. राजीव गांधी फाउंडेशनचा परवाना ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द झाला. २००५-०६ मध्ये या प्रतिष्ठानाला चिनी वकिलातीकडून देणगी मिळाली होती, आणि त्याच परिवारातील अभ्याससंस्था चीनशी मुक्त व्यापाराला अनुकूल अभ्यास करीत होती, यावर २०२० मध्ये गदारोळ झाला होता. तो प्रश्न रास्तच होता. पण ती देणगी लोकांना कळली कशी? प्रतिष्ठानाच्याच वार्षिक अहवालात देणगीदारांमध्ये वकिलातीचे नाव छापलेले होते. ज्याने छापले त्याच्यावर बोट ठेवता आले. ज्यांनी काहीच छापले नाही ते सुखात आहेत.

आणि याच कायद्याचे दुसरे टोक पाहावे. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी वेदान्त समूहातील कंपन्यांकडून देणग्या घेऊन परकीय देणगी कायद्याचा भंग केल्याचे म्हटले. त्यावर उपाय काय झाला? २०१६ च्या वित्त विधेयकातून ‘परकीय स्रोता’ची व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने बदलण्यात आली, आणि ती पुरेशी मागे पोचत नाही असे दिसल्यावर २०१८ मध्ये ती थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेण्यात आली. एरवी एका ठरावावर एकत्र न येणारे पक्ष या वेळी निमूट होते. बेचाळीस वर्षांचे पाप एका दुरुस्तीत धुऊन निघाले. गंगास्नानालाही इतकी मागे पोचणारी शक्ती नसावी.

निवडणूक रोख्यांचा इतिहास ताजा आहे, म्हणून थोडक्यात. २०१७ मध्ये घोषणा, जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचना, त्यासोबत कंपन्यांच्या देणग्यांवरील साडेसात टक्क्यांची मर्यादा रद्द, आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिलेला घटनाबाह्यतेचा निर्णय. मधल्या काळात सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. नावे बाहेर आली तेव्हा सर्वांत मोठी खरेदीदार निघाली ती लॉटरीच्या धंद्यातील एक कंपनी, १,३६८ कोटींची.

लक्ष द्यायचे ते या योजनेतील गुप्ततेच्या दिशेकडे. रोखा विकणारी बँक सरकारी. रोख्यावर डोळ्यांना न दिसणारा, अतिनील प्रकाशात दिसणारा क्रमांक. देणाऱ्याला घेणारा माहीत, घेणाऱ्याला देणारा माहीत असण्याची पुरेपूर शक्यता, आणि सरकारला हवे तेव्हा दोन्ही कळण्याची सोय. माहीत नव्हते ते फक्त मतदाराला. अभ्याससंस्थांच्या बाबतीतही हीच दिशा आहे. परदेशी देणग्यांचा तपशील संस्थांनी दर तिमाहीला संकेतस्थळावर जाहीर करावा हा नियम १ जुलै २०२२ रोजी वगळण्यात आला, आणि त्याच महिन्यात गृहमंत्रालयाने संस्थांची वार्षिक विवरणपत्रे आपल्या संकेतस्थळावरून काढून घेतली. संस्था सरकारला सर्व सांगतात. सरकार जनतेला काही सांगत नाही. मोटारींच्या खिडक्यांना काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी केली आहे. आतून बाहेरचे दिसते, बाहेरून आतले दिसत नाही, हे रस्त्यावर धोक्याचे, तर राज्यकारभारात सोयीचे कसे?

देणगीदाराला खाजगीपणाचा हक्क नाही काय, असा प्रश्न रोख्यांच्या समर्थकांनी केला होता. आपल्या परंपरेतील गुप्तदानाचा दाखलाही अधूनमधून दिला जातो. तो लागू पडत नाही. गुप्तदान श्रेष्ठ मानले ते घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून. आणि घेणारा परतफेड करू शकत नाही हे त्यात गृहीत आहे. विहिरीवरच्या भुकेल्याला गुपचूप दिलेली भाकरी हे दान. ज्याच्या हाती निविदा, परवाने आणि धाडी आहेत, त्याला गुपचूप दिलेल्या पाकिटाला मराठीत निराळे शब्द आहेत, आणि ते साऱ्यांना ठाऊक आहेत. छोट्या देणगीदाराला सत्तेच्या सूडापासून संरक्षण हवे, हे खरे. त्यासाठी लहान रकमांना सूट द्यावी; कोट्यवधींची देणगी देणाऱ्याला संकोच कसला?

अभ्याससंस्थांना सरकारी पैसा मिळाला तर त्या स्वतंत्र होतील, अशीही एक भाबडी आशा असते. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ पासून अनुदाने देत आली आहे, आणि त्यातून मोलाची कामे झाली आहेत. पण सरकार हाही एक दाता आहे, आणि अतिशय तापट दाता आहे. खरा मार्ग अक्षयनीवीचा : अनेक दात्यांच्या लहान-मोठ्या ठेवी, ज्यांचे मुद्दल परत जात नाही आणि ज्यांचे नूतनीकरण कुणाच्या मर्जीवर राहत नाही. आपल्याकडील धनिकांना देवळाला कळस द्यायला, महाविद्यालयाला इमारत द्यायला आवडते. आपल्याशी न पटणारे संशोधन करू शकेल अशा संस्थेला कायम ठेव देऊन बाजूला होणारा धनिक विरळाच. काळे यांनी ते १९३० मध्ये केले.

कायदा बदलेपर्यंत वर्तमानपत्रांना एक गोष्ट आजच करता येईल. लेखाखालच्या त्या तिरप्या ओळीत आणखी अर्धी ओळ घालावी : ‘संस्थेचे प्रमुख देणगीदार अमुक, तमुक.’ आणि जेथे संस्था नावे देत नाही तेथे : ‘संस्थेने देणगीदारांची नावे दिलेली नाहीत.’ एका संपादक मित्राला हे सुचवले तेव्हा त्यांनी जागेची अडचण सांगितली. दुसऱ्या वाक्यात पाच शब्द आहेत. त्या पानावर खालच्या बाजूला चार स्तंभांची जाहिरात होती.